गरी उघडी ठेवायची नाही

“ह्यां काय रे? पाण्याचो पाइप हाडलंस?”

आते पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी रिक्षातून उतरलो तो पाठीला बॅग आणि हातात पावणेचार फुटांचा राखाडी पीव्हीसी पाइप घेऊन. मी एका टोकाचं टोपण फिरवून काढलं, आत हात घातला आणि सुती कापडात गुंडाळलेले, मासे पकडायच्या रॉडचे दोन तुकडे अलगद ओढून बाहेर काढले. कापड तिने ओळखलं. तिच्याच जुन्या लुगड्याचा तो तुकडा होता, मागच्या खेपेला तिच्याकडूनच मागून नेलेला. तिने ते हातात घेतलं, काठ चाचपला आणि मग रॉडकडे बघितलं.

“आणि ह्या सगळा इमानातसून?”

हो, विमानातूनच. बंगळुरू ते गोव्याचा मोपा विमानतळ आणि तिथून बांदा, सावंतवाडी, कुडाळ करत कर्ली खाडीच्या काठावर. गेली काही वर्षं माझं हे येणं-जाणं असंच चालू आहे. गरवायचं, म्हणजे गळाने मासे पकडायचं, सामान विमानातून कसं न्यावं, हे मला आता चांगलं समजलेलं आहे. पण त्यातला मुख्य धडा मला कुठल्या विमानतळावर मिळाला नाही. तो याच पडवीत, वयाच्या अकराव्या वर्षी मिळाला होता आणि मधली तीस वर्षं मी तो विसरलो होतो.

लहानपणी गरवायचं सामान कुठून कुठे न्यायचा प्रश्नच नव्हता. काठी हवी असेल तर परड्यात चिवारीचं, म्हणजे बारीक बांबूचं, बेट होतं. सरळ, बोटाएवढी जाड चिवारी बघायची, कोयत्याने तोडायची, पेरं तासायची, चार दिवस चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची, झाली काठी. मे महिना संपला, शाळेसाठी मुंबईला परतायची वेळ झाली की ती पडवीच्या वाशाला आडवी बांधून ठेवायची. पुढच्या वर्षी येईतो तिला कोणीतरी वापरलेलं असायचं, कधी मोडलेलंही असायचं. त्याचं कोणाला वाईट वाटत नसे, कारण बेट तिथेच होतं. येष्टीच्या टपावर आम्ही फणस नेला, आंब्याच्या पेट्या नेल्या, एकदा तर पाटा-वरवंटा नेला. काठी कधीच नेली नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, टपाची जागा बाकाखालच्या जागेने घेतली, तरी काठी गावालाच राहिली.

रॉड घेतला तो नोकरीत स्थिरावल्यावर. सात फुटांचा, दोन तुकड्यांचा, कार्बनचा. त्यावर दोरा गुंडाळायला ४००० नंबरची रील. पहिल्यांदा तो विमानातून नेला तेव्हा दुकानदाराने दिलेल्या पातळ कापडी पिशवीत घालून नेला. काउंटरवर तो वेगळा काढून घेतला गेला, मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर ठेवला गेला, आणि पलीकडे हातात आला तेव्हा वरच्या तुकड्याचं टोक पेनाच्या निबासारखं वाकलेलं होतं. ओढल्यावर ते तुटूनच आलं. टोकाच्या कडीतलं सिरॅमिकचं वेढं, ज्यातून दोरा घासत जातो, तेही तडकलं होतं. त्या चार दिवसांत मी आतेच्या हाताच्या दोऱ्यावरच गरवलं.

रॉड नेहमी टोकालाच मोडतो. बुडाशी तो जाड असतो, टोकाला बोरूच्या काडीएवढा. तेव्हा सगळं बांधणं त्या टोकासाठी करायचं. परत आल्यावर मी नळसामानाच्या दुकानात गेलो आणि ७५ मिलिमीटरचा, जाड भिंतीचा पाइप सव्वा मीटर मागितला. घरी येऊन कापून ११५ सेंटिमीटर केला. एका टोकाला टोपण पाइप चिकटवायच्या सिमेंटने कायमचं चिकटवलं, दुसऱ्या टोकाला आट्यांचं. घरी येऊन कापून ११५ सेंटिमीटर केला. सात फुटी रॉडचा एक तुकडा साडेतीन फुटांचा, म्हणजे १०७ सेंटिमीटर, आणि वरखाली दोन-दोन बोटं चिंध्यांची गादी. दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट ठेवायचे, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाशी. मध्ये कापडाची घडी, म्हणजे कड्या कड्यांवर आपटत नाहीत. मग दोन्ही मिळून कापडात घट्ट गुंडाळायचे आणि पाइपात सरकवायचे. पाइप हलवून बघायचा. आतून आवाज आला तर अजून कापड हवं. माझ्याकडे त्या कामाला फोमही होता, पण लुगड्याइतकं काही बसत नाही. सुती जुनं कापड भरलेल्या जागेचा आकार घेतं आणि पाणी आत गेलंच तर शोषून घेतं.

मापाचाही हिशोब आहे. बऱ्याच विमान कंपन्या चेक-इन सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर धरतात. माझा पाइप ११५ लांब आणि दोन्ही बाजूंनी आठ-आठ, म्हणजे १३१. सहज बसतो. पण खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरून, लांब फेकायला वापरतात तो दहा फुटी, दोन तुकड्यांचा रॉड घ्या. एकेक तुकडा १५२ सेंटिमीटर, त्यात पाइपाची जाडी मिळवली की १६८. गेला हद्दीबाहेर. तेव्हा विमानाने येणाऱ्याने लांब रॉडचा मोह धरायचा असेल तर तीन किंवा चार तुकड्यांचा घ्यावा. सात फुटी चार तुकड्यांचा रॉड ५३-५४ सेंटिमीटरच्या तुकड्यांत मावतो आणि साध्या सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध झोपतो. त्याला पाइपसुद्धा लागत नाही. दुर्बिणीसारखा मिटणारा रॉड त्याहून सोपा, पण त्याच्या सांध्यांत खारी वाळू गेली की तो उघडेना किंवा मिटेना होतो, म्हणून मला तो फारसा मानवत नाही. आणखी एक गोष्ट तिकीट काढतानाच विचारून घ्यावी: पाइप वेगळा नग धरतात की बॅगेबरोबर बांधलेला चालतो. देशातल्या प्रवासात बहुतेक ठिकाणी १५ किलो आणि एक नग एवढंच फुकट असतं. वजनात बसलं तरी नगात अडतं.

आता आतेच्या सामानाबद्दल. ते सगळं मिळून एका हाताच्या पंज्यात मावतं.

फणसाच्या लाकडाचं एक फळकुट, वीतभर लांब, दोन्ही टोकांना खाचा पाडलेल्या. वापरून वापरून त्याचा पिवळा रंग गडद मधासारखा झालाय. त्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पन्नास-साठ हात. टोकाला गरी, म्हणजे मासा अडकवायचा गळ. तिच्या गरीला डोळा नसतो, डोकं चपटं ठोकलेलं असतं. तंगूस गरीच्या दांड्याला समांतर धरून ती त्यावर सात वेढे घालते, वेढे थुंकीने ओले करते आणि मग हळूहळू ओढते. ओलं न करता ओढलं तर घासून तंगूस भाजतो आणि तिथेच तुटतो. उरलेलं शेपूट दाताने तोडते. सुरी, कात्री काही नाही. गरीच्या वर दोन विती सोडून वजनाला शिसं, आणि खडपाच्या बाजूला जायचं असेल तर शिशाऐवजी गॅरेजमधून आणलेला जुना स्पार्क प्लग. खडपात अडकून जाणारच, तर शिसं कशाला घालवायचं, हा तिचा हिशोब. चारा म्हणजे खाडीतलीच कोळंबी, शक्यतो जिवंत.

भरतीचं पहिलं पाणी चढायला लागलं की ती धक्क्याच्या पायरीवर बसते. तंगसाचे वेढे पायाशी सुटे करून ठेवते, शिसं डोक्यावर दोनदा फिरवून सोडून देते आणि दोरा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घेते. त्या बोटाच्या पहिल्या पेरावर एक बारीक चर आहे. पन्नास वर्षांच्या तंगसाने पाडलेला. मासा चाऱ्याला तोंड लावतो ते त्या चरात कळतं. शेंगटी असेल तर सरळ ओढते, पालू असेल तर टुकटुक करतो, तांबोशी एकदा जोरात हिसडा देते आणि खडकाकडे पळते. माझ्या कार्बनच्या रॉडच्या टोकाला जे दिसतं, ते तिला दिसायच्या आधी समजलेलं असतं.

गरवून आल्यावर ती फळकुटावर तंगूस गुंडाळते आणि शेवटी गरीचं टोक एका जुन्या स्लिपरच्या तुकड्यात खुपसते. रबरी तळाचा चौकोनी तुकडा, फळकुटालाच सुतळीने बांधलेला. मग ते सगळं वाशाच्या खोबणीत वर जातं. हे केल्याशिवाय ती पाय धुवायला जात नाही. पाऊस असो, काळोख असो, कोणी हाक मारत असो.

मी अकरा वर्षांचा होतो. संध्याकाळी धक्क्यावरून आलो, भूक लागली होती, काठी पडवीत टेकवली आणि दोरा तसाच चटईवर सोडून जेवायला बसलो. पहाटे आते उठली, चूल पेटवायला निघाली. वीज गेलेली होती. तिच्या डाव्या पायाच्या टाचेच्या वर, मऊ भागात, गरी घुसली आणि अडकलेला दोरा तसाच ओढला गेल्याने ती आणखी आत गेली. गरीला टोकाच्या आतल्या बाजूला उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. गेली तशी ती मागे येत नाही. शेजारचे काका पक्कड घेऊन आले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी गरी मागे ओढली नाही, पुढे ढकलली. दुसऱ्या बाजूने कातडीतून टोक बाहेर आलं, मग उलट्या काट्यासकट ते पकडीने कापलं आणि उरलेली दांडी आल्या वाटेने काढून घेतली. मग तालुक्याला जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. आज कोणी विचारलं तर मी सांगेन की असं घरी करू नका, डॉक्टरकडेच जा. तेव्हा रात्री-अपरात्री जायला वाहन नव्हतं.

आते ओरडली नाही, मारलं नाही. पाय बादलीत सोडून बसली होती आणि मी दाराआड उभा होतो. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “गरी उघडी ठेव नको रे बाबा. आपलो पाय आपणांक म्हायत असता. दुसऱ्याक काय म्हायत, हंय गरी असा म्हणान?”

हे वाक्य मी विसरलो कसा, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण विसरलो होतो, हे खरं.

काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर मी विमानाची वाट बघत बसलो होतो आणि माझं नाव पुकारलं गेलं. चेक-इन केलेल्या बॅगेत काहीतरी संशयास्पद दिसलं होतं. मला एका खोलीत नेलं. एक्स-रेच्या पडद्यावर कपडे, पुस्तकं, खाऊ नारिंगी दिसतात, धातू निळा दिसतो, आणि शिसं इतकं दाट असतं की किरण आरपार जातच नाहीत, तिथे काळा गोळा दिसतो. माझ्या बॅगेत दीड किलो शिसं होतं, एका पिशवीत, शेजारी रील, शेजारी बॅटरीचा डबा. कुणालाही थांबून बघावंसं वाटेल असंच ते चित्र असणार. मी बॅग उघडली. तिथला माणूस तरुण होता, घाईत नव्हता, नीट एकेक गोष्ट बाजूला करत होता. मग त्याने बाजूच्या खणात हात घातला.

त्या खणात मी निघायच्या गडबडीत दोन नकली मासे सुटे टाकले होते. प्रत्येकाच्या पोटाला आणि शेपटीला तिहेरी गळ. त्याने हात झटकन मागे घेतला. मधल्या बोटाच्या टोकावर रक्ताचा एक थेंब आला, वाढला, ओघळला. नशीब, उलटा काटा आत गेला नव्हता. त्याने बोट तोंडात घातलं, बाहेर काढून बघितलं, आणि मलाच म्हणाला, “कोई बात नहीं, सर. पर इसको ढक के रखा करो.”

विमानात बसल्यावर मला त्याच्या बोटापेक्षा आतेची टाच दिसत राहिली. त्या माणसाला दिवसभरात किती बॅगा उघडाव्या लागत असतील! प्रत्येक खणात त्याला हात घालावा लागतो, आणि आत काय आहे ते घालेपर्यंत ठाऊक नसतं. बॅग पट्ट्यावरून उचलणारे, गाडीवर रचणारे, विमानाच्या पोटात भरणारे, हे सगळे हात आपल्या सामानाला लागतात. मऊ बॅगेच्या कापडातून तिहेरी गळाचं टोक सहज बाहेर येतं. आपण पलीकडे पट्ट्यापाशी उभे असतो, आपल्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

तेव्हापासून गळ बांधायला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. रॉडला लागतो त्याहून जास्त. सुटे गळ, गऱ्या एका पातळ फोमच्या पट्टीत ओळीने खोचतो, उलटा काटा पूर्ण आत जाईल इतक्या खोल, आणि पट्टी कडक झाकणाच्या डब्यात. नकली माशांचे तिहेरी गळ शक्य असेल तेव्हा कडीतून काढूनच टाकतो. नाही निघाले तर त्याला प्लास्टिकच्या छोट्या टोप्या मिळतात त्या घालतो, आणि टोपी नसेल तर कागद गुंडाळून वर चिकटपट्टी. मासा सोलायची सुरी म्यानात, म्यानावर दोरी. मग या सगळ्याचा एकच डबा, बॅगेच्या मधोमध, वर ठळक अक्षरात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं: आत मासे पकडायचे गळ आहेत. बॅगेच्या बाहेरच्या कुठल्याही खणात काहीही टोकदार नाही, हा नियम मी घरात सगळ्यांना लावलाय.

बाकी सामानाचं गणित सोपं आहे. गळ, सुरी, पक्कड, कात्री चेक-इनमध्ये. रील केबिनमध्ये, माझ्याबरोबर, मोज्यात घालून. ती महाग असते आणि तिचं हँडल आपटून वाकतं. आजवर मला रीलवरून कोणी अडवलेलं नाही, फक्त दोनदा बाहेर काढून दाखवायला सांगितलं. रॉड मी केबिनमध्ये नेण्याच्या फंदात पडत नाही. आपल्याकडे क्रिकेटची बॅट आणि हॉकी स्टिकसुद्धा आत नेऊ देत नाहीत, तर काठीचं काय घेऊन बसलात. रात्री धक्क्यावर लागणाऱ्या डोक्यावरच्या दिव्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र केबिनमध्येच न्यावी लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. तंगूस तोडायला लायटर ठेवायची सवय काहींना असते, तो घरीच ठेवावा.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. तिथली विमानतळ सुरक्षा, टीएसए, रॉडला दोन्हीकडे परवानगी देते, फक्त विमान कंपनीच्या मापात बसला पाहिजे. मोठे गळ गुंडाळून चेक-इनमध्ये घाला आणि महागडी रील किंवा पिसांच्या नाजूक नकली माश्या हातातल्या सामानात ठेवा, असंच त्यांचं सांगणं. पण तिथेही आणि इथेही शेवटचा शब्द समोर उभ्या असलेल्या माणसाचा. यादी हातात घेऊन त्याच्याशी वाद घालणाऱ्यांपैकी मी नाही.

आणि शिसं? ते मी आता नेतच नाही. पंधरा किलोंतले दीड किलो त्याला देण्यापेक्षा ती जागा येताना कोकमांना आणि कुळथाच्या पिठाला मिळते. स्पार्क प्लग कुडाळला कुठल्याही गॅरेजात मिळतात. चारा तर खाडीतच. परतीच्या बॅगेत एक गोष्ट मात्र आतेला दरवेळी समजवावी लागते: सुकं खोबरं विमानातून नेता येत नाही. त्यात तेल असतं, ते तापून पेट घेऊ शकतं. तिने वाट्या सुकवून, फडक्यात बांधून ठेवलेल्या असतात आणि ते गाठोडं परत फळीवर ठेवताना तिचा चेहरा बघवत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्याने धुवायचं. रील बादलीत बुडवायची नाही, मीठ आत जातं. तिची दोऱ्याचा ताण जुळवायची कळ घट्ट करायची, वरून हलकं पाणी सोडायचं, फडक्याने टिपायची, मग कळ सैल करून सावलीत ठेवायची. रॉडच्या कड्या एकेक पुसायच्या. ओलं सामान पाइपात बंद केलं तर दुसऱ्या दिवशी बंगळुरूला कडीवर हिरवी बुरशी नि गरीवर तांब उभी. एकदा केलंय मी तेही.

गेल्या दिवाळीत लेक बरोबर होती. नऊ वर्षांची. तिला माझ्या रॉडमध्ये रस नव्हता. पहिल्याच दिवशी ती आतेच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली आणि बोट पुढे केलं. आतेने दोरा तिच्या बोटावर ठेवला, वर आपलं बोट ठेवलं. दोघी किती वेळ तशाच बसल्या होत्या. पाणी पायऱ्या चढत होतं, समोर देवबागच्या बाजूला माडांमागे ऊन उतरत होतं. एकदम लेकीचा खांदा ताठ झाला.

“वढू नको,” आते म्हणाली. “गिळांदे त्येका. आता. आता वढ.”

तळहाताएवढी तांबोशी आली. लालसर तपकिरी, पाठीचे काटे ताठ उभे केलेली. लेकीला ती तळून हवी होती. आतेने गरी ओठातून फिरवून सोडवली, मासा ओल्या हातात धरून तिला दाखवला आणि म्हणाली, “हां अजून पोर असा. सोड त्येका.” लेकीने ओंजळ पाण्याला लावली. तांबोशी क्षणभर तिथेच राहिली आणि मग गेली.

पाच दिवसांत लेक सात वेढ्यांची गाठ शिकली. तंगूस दाताने तोडायला शिकली. आणि निघायच्या दिवशी आतेने वाशातून एक नवंकोरं फळकुट काढलं, तिच्यासाठी मुद्दाम तासून घेतलेलं, पांढरट पिवळं, अजून फणसाच्या लाकडाचा वास येणारं. त्यावर वीस हात तंगूस आणि लेकीने स्वतः बांधलेली गरी.

ते बॅगेत टाक म्हणून मी तिला सांगितलं. तिने टाकलं. कुठल्या बॅगेत ते मी बघितलं नाही. ही चूक सर्वस्वी माझी.

मोपाला सुरक्षा तपासणीत तिचं दप्तर पट्ट्यावरून बाहेर आलं आणि बाजूच्या रांगेत सरकलं. तिथे एक जवान उभा होता, माझ्याच वयाचा, मिशा पिकलेल्या. त्याने दप्तर समोर ओढलं, चेन उघडली आणि हात आत घालणार तोच लेक ओरडली,

“अंकल, हाथ मत डालिए! उसमें गरी है!”

आजूबाजूचे चार लोक वळले. जवानाचा हात हवेतच थांबला. “गरी क्या?” त्याने विचारलं. तिला हिंदी शब्द येत नव्हता. तिने तर्जनी वाकडी करून आपल्या ओठात अडकवून दाखवली. तो हसला नाही. त्याने दप्तर तिच्याकडे वळवलं आणि म्हणाला, “आप निकालिए, बेटा.”

तिने कंपासपेटी काढली, उघडली. फळकुट वहीच्या मागे होतं, पण त्याचा तंगूस कंपासपेटीत गेलेला होता आणि गरी पांढऱ्या खोडरबरात खोचलेली. पूर्ण खोल, उलटा काटा दिसणारही नाही इतकी. वर तिने रबरबँड लावला होता. स्लिपरचा तुकडा विमानात घाण वाटेल म्हणून तिने रबर वापरला, हे तिने मला नंतर सांगितलं.

त्याने तो रबर उजेडात धरून बघितला. बाजूने फिरवून बघितला. “अच्छा बांधा है,” तो म्हणाला. “लेकिन ये अंदर नहीं जाएगा.” मला त्याने सांगितलं की बाहेर जाऊन चेक-इनला देता येईल. मी घड्याळ बघितलं. काउंटर बंद झालेला असणार. मी लेकीकडे बघितलं.

ती काही बोलली नाही. तिने फळकुट हातात घेतलं, तंगूस गरीच्या जवळ, शेवटच्या वेढ्याला लागून दाढेखाली धरला आणि मान किंचित वाकडी करून तोडला, अगदी आते तोडते तसा. मग गरी रबरासकट त्याच्या समोर धरली. त्याने गरी टोकाकडून नाही, दांड्याकडून धरून सावकाश उपसली, एका डब्यात ठेवली आणि रबर तिला परत दिला. फळकुट आणि दोरा दोन्ही हातांत घेऊन बघितले, दोऱ्याची गुंडाळी बोटाने दाबून पाहिली, वरच्याला दाखवून आला आणि तेही तिच्या हातात दिलं.

विमान उठलं तेव्हा खिडकीतून खाली झुआरी की मांडवी, ती विचारत होती. मी उत्तर देऊ शकलो नाही, ढग होते. ती रबराचं भोक नखाने चाचपत बसली.

घरी पोचल्यावर तिने पहिला फोन आतेला लावला. मी स्वयंपाकघरात बॅगेतून कोकमं काढत होतो, फोन स्पीकरवर होता. तिने सगळं सविस्तर सांगितलं. पट्टा, दप्तर, मिशावाला अंकल, दाताने तोडलेला तंगूस. गरी तिथेच राहिली, हे सांगताना तिचा आवाज जरा बारीक झाला. मला वाटलं, आता आते म्हणेल की जाऊंदे, या खडपात माझ्या किती गऱ्या राहिल्या त्याला हिशोब नाही, दुसरी पाठवते. ते ती म्हणालीच, पण नंतर. आधी पलीकडे थोडा वेळ नुसती गाज ऐकू आली, आणि मग तिने विचारलं,

“त्या पोलिसाक खंय लागली नाय मां?”

“नाही गं आजी. रबरात खोचली होती.”